पत्राचं शेवटचं पान

आमच्या ख्रिस्ती मंडळीतले निवृत्त शिक्षक, शमुवेल सर, दर रविवारी दुपारी आम्हा चौघींना एक जुनं पत्र शिकवतात. तुरुंगातल्या एका प्रेषितानं आपल्या तरुण सोबत्याला लिहिलेलं ते पत्र जेमतेम चार पानांचं आहे, पण आम्हाला त्यात दीड वर्ष गेलं. सर कधी कधी एकाच ओळीवर महिनाभर थांबतात.

परवा शेवटचं पान लागलं. म्हातारा एकटा पडला आहे, थंडी जवळ आली आहे, आणि तो सोबत्याला लवकर यायला सांगतो आहे. सरांचं बोट त्या ओळीवरून हलेना.

"सर, मग तो वेळेवर पोचला का?" मी विचारलं.

"ते पत्रात नाही," सर चष्मा पुसत म्हणाले. "वाचणाऱ्याला वाटतं, अजून वेळ आहे. लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, तो नाही."

बाहेर चिंचेखाली लख्ख ऊन होतं. दीड वर्ष मी शब्दांचे अर्थ वहीत उतरवत होते. हे पत्र खरंच कुणाच्या तरी हातात पडलं होतं, हे तेव्हा कुठे जाणवलं. आणि अक्का, माझी थोरली बहीण, आठवली. गेल्या आठवड्यात सोलापूरहून तिचा फोन आला होता. "जमलं तर येऊन जा गं," एवढंच म्हणाली. ती असं कधी म्हणत नाही. मी म्हणाले होते, नाताळात बघू.

चर्चच्या पायरीवरूनच फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिच्या शेजारच्या काकूंनी उचलला.

"काकू, अक्काला द्या ना."



"अगं, तू आजच निघ," त्या म्हणाल्या.