दाजींनी भाजी चाखली

आमचे दाजी, नानासाहेब आचारी, म्हणजे माझ्या भागूअक्काचे मालक. पैठणपासून कन्नडपर्यंत कुठंही लग्न असू द्या, वांग्याची भाजी त्यांचीच. आणि ऐट काय बाई! नैवेद्याआधी भाजी चाखायची नाय, मीठ नजरेनं टाकायचं. मिठाच्या डब्याला दुसऱ्याचा हात लागला तर अंगावर धावून यायचे.

पण भट्टीमागं बाटली असायची. आधी काम झाल्यावर, मग कामाआधी, मग कामातच. मागच्या उन्हाळ्यात चिकलठाण्याच्या लग्नात मीठ टाकलं, विसरले, परत टाकलं. पंगत पाण्यावर तुटून पडली. घरी येऊन मलाच विचारतात, "लग्न कुणाचं होतं गं, रत्नमाला?" मी भांडायलाच बसले होते, ते सोडून अक्काला हाक मारली.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज इतकी दारू पचवताना शरीरात घातक कण तयार होतात, ते मेंदूच्या पेशी कुरतडतात. थोडे असले तर शरीर निस्तरतं, रोजचेच झाले की हात टेकतं. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. असंच चाललं तर स्मृतिभ्रंश होईल."

अक्का म्हणाली, "चिरलेलं वांगं हवेनं काळं पडतं, तसं?"

"तसंच काहीसं."

"मग डोकं मिठाच्या पाण्यात ठेवू व्हय?" दाजी म्हणाले.

"आधी दारूतून तर काढा!" बाई म्हणाल्या.

गेलेलं सगळं परत येईल असं बाई म्हणाल्या नाय. सोडली तर उरलेलं सांभाळता येईल, म्हणाल्या. एकदम सोडणं धोक्याचं, म्हणून दवाखान्यात ठेवूनच सोडवली.

तेवढ्यात आमच्या प्रेरणाचं, अक्का-दाजींच्या लेकीचं, लग्न ठरलं. सगळे म्हणाले, दुसरा आचारी बघा. पोरगी म्हणाली, "स्वयंपाक माझे अण्णाच करतील, नायतर मी बोहल्यावर चढत नाय!" दाजींना लई आनंद झाला, अन् तितकीच धास्ती.

लग्नादिवशी मोठ्या पातेल्यापुढं दाजी मुठीत मीठ घेऊन थांबले ते थांबलेच. आधी टाकलं होतं का, आठवेना. कुणाला विचारणार? डबा त्यांच्याच ताब्यात. मग त्यांनी पळीभर रस्सा हातावर घेतला अन् चाखला.

"अहो, नैवेद्य राहिलाय!" एक म्हातारी ओरडली.

"राहू द्या. डोकं मी नासवलं, जीभ देवानं शाबूत ठेवलीय. पोरीच्या पंगतीला ऐट कशाला?"

मीठ पडलेलं होतं. मुठीतलं त्यांनी डब्यात परत टाकलं. इतकी वर्षं मन घट्ट करून उभी राहिलेली अक्का पातेल्याशेजारीच ढसाढसा रडायला लागली.

मी तिला बाजूला ओढलं. "अगं, तिकडं रड, भाजी खारट होईल!"