मराठी येते असा दाखला

मी मॉरिशसची. माझ्या पणजोबांना कोकणातून तिथल्या उसात राबायला नेलं होतं. चार पिढ्यांत आमच्या घरी आरत्या तेवढ्या टिकल्या, बाकीचं मराठी कुठंतरी गळून गेलं. मी रविवारच्या वर्गात जाऊन पुस्तकी मराठी शिकले. पुढं साखर कारखान्याची यंत्रं बसवायला तिकडं आलेल्या सांगलीच्या एका फिटरशी लग्न केलं आणि त्याच्या घरी माधवनगरला राहायला आले.

पहिल्याच दिवशी मी सासूबाईंना म्हणाले, "मला तहान लागली आहे. कृपया पाणी द्यावे."

त्या मूळच्या मेढ्याच्या. त्यांनी माझ्याकडं न बघता नवऱ्याला विचारलं, "ही काय अर्ज वाचून दावतीया का रं?"

त्या दिवसापासून त्यांनी माझं शिक्षण हातात घेतलं. भाकरी, मराठी आणि शिव्या, सगळं स्वयंपाकाच्या ओट्यापाशीच. भाकरी अजून फाटते. शिव्या मात्र सहा महिन्यांत अस्खलित झाल्या.

दर थोड्या वर्षांनी मुक्काम वाढवून घ्यायला पोलिसांकडं जावं लागायचं. तिथले साहेब दरवेळी विचारायचे, "अजून किती दिवस राहणार?" आणि शेजारी बसलेला नवरा म्हणायचा, "बघू. पटलं तर." तेरा वर्षं झाली तेव्हा मी या विनोदाला कंटाळले आणि नागरिकत्वाचा अर्ज करायचं ठरवलं.

वकिलानं कागदांची यादी दिली. तिच्यात एक दाखला होता, अर्जदाराला भारतातली एखादी भाषा येते याचा. मला हसू आलं. हा सोपा पेपर होता.

सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात मराठीचे प्राध्यापक भेटले. म्हणाले, "स्वतःविषयी पाच मिनिटं बोला."

"आवं सर, मी तेरा वर्षं हितंच हाय. आले तवा लय अवघड गेलं, पर आता..."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, बोलता छान. पण हे प्रमाण मराठी नाही. 'आहे' म्हणा."

"आहे."

"'नाही' म्हणा."

"न्हाई."

एके काळी मला फक्त प्रमाणच येत होतं. रविवारच्या वर्गात त्यासाठी बक्षीसही मिळालं होतं. पण त्या दिवशी जीभ काही केल्या वळेना. सर म्हणाले, थोडा सराव करून पुढच्या महिन्यात या. मी रिक्षात बसून रडले. रडणं मात्र अजून मॉरिशसच्या बोलीत, क्रेओलमध्येच होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. मी नको नको म्हणत होते, तरी त्या कॉलेजात आल्या आणि सरांच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"सर, हिला मराठी म्या शिकिवलंय. चुकलं आसंल तर माझं चुकलंय."

"तसं नाही, आजी..."

"मग कसं? मी बी 'हाय'च म्हंती. मी बी हितली न्हाई म्हना. कुठं धाडताय ते सांगा, पिशवी भरून ठिवते."

सर हळूच म्हणाले, "गाव कुठलं, आजी?"

"मेढा."

"व्हय?" सरांच्या तोंडातून निसटलं. "माझं आजोळ तिकडंच हाय."

सरांनी मान खाली घालून दाखला लिहिला. 'मराठी उत्तम अवगत आहे.' सासूबाईंनी बाहेर आल्यावर तो माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाल्या, "उत्तम कशाला लिवलं? येतंय म्हनला आसता तरी चाललं आसतं."

पुढं बरेच महिने गेले. जुनं नागरिकत्व सोडल्याचा कागद द्यावा लागला. सही करायच्या आधी मी तो दोनदा वाचला. कलेक्टर कचेरीत मी निष्ठेची शपथ वाचली. मागून सासूबाई ओरडल्या, "मोठ्यानं वाच, ऐकू यीना!" साहेब हसले. मी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

त्या दिवशी फोनवर आई म्हणाली, "म्हणजे आता तू परदेशी." मी म्हटलं, कागदावर. ती म्हणाली, चुलीवर भात आहे, आणि फोन ठेवला.

वर्षभरानं आम्ही तिघं मॉरिशसला गेलो. सासूबाईंचा पहिलाच विमानप्रवास. विमानतळावर मी पाहुण्यांच्या रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या मुलीनं पासपोर्ट बघत इंग्रजीत विचारलं, "कुठल्या हॉटेलात उतरणार?" मी आईच्या घराचा पत्ता सांगितला, क्रेओलमध्ये. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पासपोर्टकडं, आणि काही न विचारता शिक्का मारला.

बाहेर आई उभी होती. तिनं मला धरलं, दंड चाचपले आणि क्रेओलमध्ये म्हणाली, "केवढी वाळलीस! ती बाई तुला खायला घालत नाही का?"

सासूबाईंनी माझा पदर ओढला. "काय म्हंत्यात गं इनबाई?"

"इचारत्यात," मी म्हटलं, "परवास कसा झाला."