सुनंदाताई, चूक माझ्या कोडची होती

कोड लिहिणाऱ्या मंडळींनो, आज एक कबुली द्यायची आहे.

यवतमाळच्या एका माती परीक्षण केंद्रातलं यंत्र माझ्या कर्नल कोडवर, म्हणजे त्याच्या प्रणालीच्या गाभ्यासाठी मी लिहिलेल्या कोडवर, चालतं. प्रत्येक नमुन्याच्या फाइलचा पत्ता तो कोड जोडतो: तालुका, गाव, आडनाव आणि शेवटी नाव.

मागच्या आठवड्यात राळेगावकडच्या दोन भावांपैकी एकाचा अहवाल गायब झाला. केंद्रातल्या सुनंदाताईंना मी फोनवर सुनावलं, "ताई, तुम्हीच सेव्ह कराले विसरल्या असान."

आज सकाळी कोड उघडला. पत्त्यासाठी मी मोजकीच जागा ठेवली होती आणि ती पुरते का, हे तपासलंच नव्हतं. चाचणीत सगळी नावं इंग्रजीत टाकलेली. देवनागरी अक्षराला तिप्पट जागा लागते. पत्त्याच्या शेवटी येणारं भावाचं नाव कापलं गेलं, आडनावापर्यंतचं तेवढं उरलं, दोघा भावांचा पत्ता एकच झाला आणि धाकट्याच्या फाइलनं थोरल्याची पुसली.

लगेच ताईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मले वाटलं, माह्यंच चुकलं. काल एसटीनं जाऊन पुन्हा माती आणली ना मी."

मग चाचणीत माझंच नाव मराठीत टाकलं. तेही कापलं गेलं.

स्वतःचं नाव टाकून पाहायला मला आजचा दिवस का उजाडावा लागला? तुमच्या चाचणीत तुम्ही कधी स्वतःचं नाव मराठीत टाकून पाहिलंय?