मॉर्मन पोरांची मी दुभाषी

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या बाजारात दर शनिवारी आम्ही समोरासमोर उभे असायचो. मी भाडेवाढीविरुद्धची पत्रकं घेऊन, आणि बेकरीच्या दाराशी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे दोन मिशनरी देवाची पत्रकं घेऊन. माझा देवावर विश्वास नाही, धर्मप्रचार म्हटला की डोकंच फिरतं. पण धंदा आमचा एकच. लोक दोन्हीकडे एकच वाक्य फेकायचे, "नाइन, डांके. श्योनेन टाग नोख!" म्हणजे नको, दिवस छान जावो. आणि ट्रामकडे पळायचे.

दोघे अमेरिकेतून आलेले, जेमतेम विशीचे. छातीवरच्या काळ्या बिल्ल्यावर आडनावाआधी 'एल्डर', म्हणजे ज्येष्ठ. ज्येष्ठांच्या हनुवटीवर मात्र पुटकुळ्या. ब्रेड आणायलासुद्धा एकट्याने जायचं नाही, जोडीनेच. आठवड्यातला एक दिवस कपडे धुवायला, किराण्याला आणि घरी फोन करायला. बाकी सगळे दिवस अनोळखी दारांच्या बेल वाजवायच्या. सिनेमा नाही, मैत्रीण नाही. पगार विचारला तर तोही नाही, उलट खर्च घरचा! मी भडकलेच.

"हे सरळ शोषण आहे. तुम्हाला एक संघटना हवी."

"आहे ना," धाकटा म्हणाला. "तिनेच पाठवलंय."

एकदा त्यांनी माझीच बेल वाजवली. मी वादाच्या तयारीने "या आत" म्हटलं, तर दोघे उंबऱ्याबाहेरच. घरात एकटी बाई असेल तर आणखी कोणी मोठं माणूस हवं, हा आणखी एक नियम.

"मी काय खाणार आहे तुम्हाला?"

"शनिवारी बघतो ना आम्ही," धाकटा म्हणाला. "सांगता येत नाही."

मग हिवाळ्यात पुण्याहून आई आली आणि त्यांची अडचण मिटली. पुन्हा बेल वाजली तेव्हा आईने दोघांना सोफ्यावर बसवलं आणि आल्याचा चहा पुढे केला. दोघांनी अगदी नम्रपणे नको म्हटलं. आईचा चेहरा उतरला.

"आपल्या घरचं चालत नाही का यांना? मग आले कशाला?"

खरं तर आईला त्यांच्याविरुद्ध फिरवायची मला आयती संधी होती, पण खोटं कसं बोलू? चहा-कॉफी त्यांच्यात कोणाकडचीच चालत नाही, असं मी तिला सांगितलं.

"कोणाकडचीच? या थंडीत?" राग गेला, कीव आली. पिशवीतून आणलेलं कोकम गरम पाण्यात ढवळून तिने दोघांच्या हातात दिलं.

पिता पिता कळलं, की धाकट्याची बदली झाली आहे. सकाळी दुसऱ्या गावाला जायचं होतं. थोरल्याने त्याला कोपर मारलं. "या गावात ह्याला एकाही माणसाने शेवटपर्यंत बोलू दिलं नाही." धाकटा कानापर्यंत लाल. नुसतं चिडवणं नव्हतं ते, त्याला खरंच लागलं होतं. मी आईला सांगितलं.

"मग बोलू दे की आता. मी ऐकते. तू मराठीत सांग."

मी! ज्या गोष्टींविरुद्ध मी घसा फोडते, त्याच मी आईच्या गळी उतरवायच्या? पोराचं पाठांतर जर्मनमध्ये होतं. तो हात मांडीवर ठेवून सुरू झाला. एक मुलगा रानात जाऊन देवाला विचारतो, खरा पंथ कोणता, वगैरे. पाचेक मिनिटं तो बोलला. मी म्हटलं, "मुलगा रानात गेला. देव दिसला."

"अगं, एवढंच? तुझं पत्रक कोणी असं अर्धं खाल्लं तर चालेल तुला?"

नाही चालणार. मग प्रत्येक वाक्य सांगितलं, दात-ओठ खात. मेल्यानंतरही कुटुंब कायम एकत्र राहतं, इथे आल्यावर आईने हात वर केला.

"विचार त्याला, सासरचेही? तुझी आजीसुद्धा?"

मी विचारलं. तो गंभीरपणे म्हणाला, "हो. सगळे."

"मग मला विचार करावा लागेल."

हसता हसता थोरल्याचं कोकम सांडलं. धाकटा मात्र थांबला नाही. शेवटची दोन वाक्यं त्याने अडखळत म्हटली. इतके दिवस वापरात आलीच नव्हती. मग बघतच राहिला, संपलं हे पटत नसल्यासारखा.

"छान बोललास, बाळा," आई म्हणाली. "पण मी आता बदलायची नाही हं." तेही मी सांगितलं. त्याने मान डोलावली आणि आणखी कोकम मागितलं.

निघताना तो जिन्यात थांबला. "आता तुमचं. शेवटपर्यंत."

सवयीने मी तेही मराठीत सांगून टाकलं. "नको म्हण त्याला!" आतून आई ओरडली. "पोराची उद्याची गाडी चुकेल!"

मी बोलले. भाडेवाढ, डिपॉझिट, हीटिंग, भिंतीवरची बुरशी, एकही मुद्दा सोडला नाही. दोघे पायरीवर टेकून गुमान ऐकत राहिले. मी थांबल्यावर धाकट्याने विचारलं, "संपलं?"

"संपलं."

तो उठला, टाय सारखा केला आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाला, "नाइन, डांके. श्योनेन टाग नोख!" आणि दोघे ट्राम सुटत असल्यासारखे धडधडत जिना उतरले.