शकुची शिक्षा

माझी बायको शकु दर रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची. अडतीस वर्षं मी तिला स्कूटरवरून सोडत आलो. ती आत, मी बाहेर कडुलिंबाखाली. उघड्या दारातून तिची पाठ दिसायची. प्रार्थना संपत आली की सगळे उठून रांगेत पुढे जात आणि फादरच्या हातून परमप्रसाद घेत. शकु उठायची नाही. गुडघे बाजूला करून शेजारणीला वाट द्यायची आणि पुन्हा मान खाली घालायची. मला वाटायचं, त्यांच्यात काही जणांनी घ्यायचा नसेल. तिला मी कधी विचारलं नाही.

शकु वणीजवळच्या एका खेड्यातली, मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेली. माझी आई पायाच्या ऑपरेशनसाठी तिथे होती, तेव्हा आमची ओळख झाली. मी हिंदू, जबलपूरच्या खमरिया फॅक्टरीत नुकता लागलेला. लग्नाला दोन्ही घरांतून कोणी आलं नाही. कचेरीत जाऊन सह्या केल्या आणि फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला. तिला तेव्हा हिंदी धड येत नव्हतं. पाणी आणून देणाऱ्या भैयाला ती म्हणाली, बाल्टी खाली करो. त्याने भरलेली बालदी मोरीत ओतून दिली. पुढे कितीतरी दिवस क्वार्टरमधल्या बायका तिला ‘खालीवाली दीदी’ म्हणायच्या.

तिने एका नर्सिंग होममध्ये एकतीस वर्षं नोकरी केली. वस्तीतल्या कोणाला इंजेक्शन द्यायचं असो की बाळंतिणीजवळ बसायचं असो, लोक आमचंच दार वाजवत. ओट्याच्या वर तिने संत मोनिकेचं चित्र लावलं होतं. या मोनिकेचा नवरा तिच्या धर्माचा नव्हता आणि तापट होता, असं तिने मला सांगितलं होतं. शेवटी तो ख्रिस्ती झाला का, असं मी विचारलं. झाला, पण मरायच्या एक वर्ष आधी, असं म्हणून ती पुढे म्हणाली, “म्हणजे तुम्ही घाई नका करू.”

या जानेवारीत तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला ताण नको म्हणून आमची मुलगी प्रणोती रोज शाळा सुटल्यावर अधारतालच्या आमच्या घरी यायची आणि आईच्या मोबाइलवरचे निरोप वाचून दाखवायची. प्रणोती शिक्षिका आहे. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदी. एका संध्याकाळी तिने चर्चच्या ग्रुपवरचा निरोप वाचला. रविवारी चार वाजता ‘विवाह पर कलीसिया की शिक्षा’ या विषयावर फादर बोलणार होते, सर्व दंपतींना बोलावलं होतं. कलीसिया म्हणजे त्यांची चर्चसंस्था. प्रणोती म्हणाली, आई, बाबा को लेकर जाओ ना.

“शिक्षा तर भोगूनच राहिली न मी,” शकु म्हणाली. “आता ऐकायला काहून जाऊ?”

प्रणोतीला हसू आलं. “आई, शिक्षा मतलब सज़ा थोड़ी है. शिक्षा मतलब सीख. मैं शिक्षिका हूँ, सबको सज़ा देती हूँ क्या?”

शकु हसली नाही. शेंगा सोलणारे तिचे हात थांबले.

प्रणोती गेल्यावर तिने मला सांगितलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरकडे गेली होती. लग्न चर्चमध्ये न झाल्यामुळे तूर्त परमप्रसाद घेता येणार नाही, असं ते म्हणाले. आणि मग म्हणाले, इस पर कलीसिया की शिक्षा है, अगले हफ़्ते आओ, समझाऊँगा. तिने शिक्षा ऐकली आणि मान हलवून घरी आली. पुढच्या आठवड्यात गेलीच नाही. नंतर ती हिंदी शिकली, मुलीच्या शिक्षणाला ‘शिक्षा’ म्हणत मास्तरांशी हिंदीत तासन् तास बोलली. पण फादरच्या तोंडची ती शिक्षा तिच्या मनात मराठीच राहिली.

मी विचारलं, “म्हणजे मी तुझी शिक्षा होतो काय?”

“तुम्ही काहून?” ती म्हणाली. “ती शिक्षा मी मागच्या बाकावरच ठेवून यायची. घरी नाही आणायची.”

दुसऱ्या दिवशी तिला न सांगता मी चर्चमध्ये गेलो. फाटकापासून एकदा परत फिरलो, मग पुन्हा गेलो. आताचे फादर तरुण आहेत, केरळचे. मला बाप्तिस्मा घ्यावा लागेल का, हे मी आधी विचारलं. ते म्हणाले, नाही. बिशपांची परवानगी मागवू, मग दोन साक्षीदारांसमोर तुम्ही दोघांनी एकमेकांना नव्याने होकार द्यायचा. तिने आधी पापस्वीकार करायचा आणि मग परमप्रसाद घ्यायचा. एवढंच ते होतं. अडतीस वर्षांपूर्वीही एवढंच होतं.

घरी येऊन सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, “तुम्ही एकटे आत गेले?”

परवानगी यायला महिना लागला. एका शनिवारी प्रणोती आणि तिचा नवरा सुमेध यांना साक्षीदार करून आम्ही उभे राहिलो. कचेरीत आम्ही फक्त सह्या केल्या होत्या, तोंडाने काही बोलावं लागलं नव्हतं. फादरनी विचारलं तेव्हा मी नुसतं पुटपुटलो. शकु कानाशी म्हणाली, जोरात बोला, मलाही ऐकायचं आहे. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रविवार. स्कूटर कडुलिंबाखाली लावून मी पहिल्यांदा आत गेलो. ती सवयीने शेवटच्या बाकावर सरकली, मी कडेला बसलो. लोक उठून रांगेत जाऊ लागले. आमचा बाक रिकामा होत आला. शकु पदर सारखा करून उभी राहिली, पण तिची वाट माझ्यामुळे अडली होती.

मी गुडघे बाजूला केले.