कोणत्या रस्त्यावरचं सांगू?

सुजाताला कोणी "इराकमध्ये कसं आहे गं?" विचारलं, की ती उलट विचारते, "कोणत्या रस्त्यावरचं सांगू, काका?" उत्तर इराकमधल्या एर्बिल शहरात, एका दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डाची ती प्रमुख नर्स आहे. बाजारात एकटी फिरते हे ती सहज सांगते, आणि तितक्याच सहज हेही, "एकदा ड्रोन आलतं, तवा मी तळघरात बसलो. दक्षिणेच्या रस्त्यानं मी जातच नाही." भीती लपवायची नाही, वाढवायचीही नाही, हा तिचा खाक्या. पोरीच्या तोंडी 'मी बसले'ऐवजी 'मी बसलो' ऐकून पुण्याचे पाहुणे चमकतात. आमच्याकडे बायका अशाच बोलतात.

बाभुळगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिच्या आईचा, कमलाबाईंचा टीव्ही त्यामुळे मलाही फुकट ऐकायला मिळतो. गेल्या सुटीत सुजाता घरी आली, तेव्हा त्यावर इराकमधला एक ट्रक जळत होता. सकाळी तोच, संध्याकाळीही तोच. कमलाबाईंनी जेवणच सोडलं.

"तू गेली तर मी जेवत नाही. यवतमाळले नोकरी कर."

"आई, तो ट्रक माह्या गावापासून लय दूर हाय."

"टीव्हीवाले खोटे हाय काय मंग?"

"खोटे नाही. पण सारा देश दाखवत नाही."

उपाशी आईपुढे कोणाचं चालतं? नोकरी सोडते हे सांगायला सुजाताने एर्बिलच्या मैत्रिणीला, शीरीनला, व्हिडिओ कॉल लावला. मी तिथेच होतो. पडद्यावर आली ती शीरीनची आई, रडवेली. कमलाबाईंनी तशातही हात जोडून जयभीम केला. ती बाई काय म्हणते ते सुजाताने सांगितलं, "भारतात लढाई पेटली, टीव्हीवर दाखवून राह्यले म्हणते. पोरीले लवकर पाठवा, माह्याजवळ सुखरूप राहील."

कमलाबाई ताडकन उठल्या. "कुठची लढाई? ते तिकडं सरहद्दीवर. बाभुळगावात काय हाय? मी आत्ताच बाजारातून सांभार घेऊन आलो." त्यांनी कोथिंबिरीची जुडी फोनसमोर नाचवली आणि बोलता बोलता त्यांची नजर स्वतःच्या टीव्हीवरच्या त्या जळत्या ट्रककडे गेली. शीरीनची आई डोळे पुसत हसत होती.

कमलाबाईंनी टीव्ही बंद केला.

"तिले सांग, पोरगी येऊन राह्यली. मीच धाडून राह्यलो. अन् मले वाढ आता."

सुजाताने ताट घेतलं, हसू तिच्या तोंडावर मावत नव्हतं. मला इतका आनंद झाला की कोणी बोलावलं नसताना मीही पाटावर जाऊन बसलो.