ड्रायव्हरच्या मागची सीट

माझ्या शेजारणीला सगळी इमारत ताठकणा म्हणते. नाव मीच ठेवलं, तेव्हा त्याचं श्रेय दुसऱ्या कोणी लाटू नये. ती कोणाकडेही गेली तरी बसत नाही. चहा उभ्याने, गप्पा उभ्याने, आजाऱ्याला भेटायला गेली तरी भिंतीला टेकून उभी. आजाऱ्यालाच वाटावं, आपण उठून हिला खाट द्यावी.

तळमजल्यावर तिचं इस्त्रीचं दुकान आहे. त्यात खुर्ची नाही. आधी ती एका कचेरीत टायपिंग करायची. पंख्याखालची, महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी सोडून ती तापलेल्या इस्त्रीपुढे येऊन उभी राहिली, तेव्हा इमारतीत तर्कांना ऊत आला होता. घरून जाहीर झालेलं कारण एकच, कंबर. मग काय, सासूबाई कमरेला तेल चोळू लागल्या. नणंदेने पट्टा पाठवला. गादी गेली, फळी आली. मणक्याचे फोटो निघाले, तर मणके शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे.

तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, सिटी बस चालवतो. त्याची बस आमच्या फाटकावरून पार समुद्राच्या टोकाला जाते. लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं ही सुट्टीच्या दिवशी त्याच्या मागच्या सीटवर बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि तशीच परत यायची. तो आरशातून बघायचा, ही खिडकीतून बघतेय असं दाखवायची. पुढे ते बंद झालं. आता बस फाटकाशी आली की ती इस्त्री उभी करून ठेवते आणि बस वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहते. त्या सीटवर भाऊजी आपली डब्याची पिशवी ठेवतात. उतारू कुरकुरतात, कंडक्टर "सीट मोडलीय" म्हणून वेळ मारून नेतो.

एका दुपारी मी साडी घेऊन दुकानात गेले. ती रेशमावर कधी थेट इस्त्री फिरवत नाही. आधी आतल्या दुमडीवर जराशी टेकवते, थांबते, बोटाने चाचपते आणि मगच पुढे सरकते. मी तेवढ्यात चिमटा काढला, "नवरा अख्ख्या गावाला बसवून हिंडवतो आणि स्वतःची बायको तेवढी उभी. भांडण आहे की रुसवा?"

नेहमी हसते. त्या दिवशी तिने इस्त्रीची पिन काढली.

"कंबर नाही दुखत माझी, वहिनी," ती म्हणाली. "कधीच दुखली नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बसमधून हिंडणं बंद झालं, त्या सुमारास तिला खाली जंतूंचा त्रास झाला होता. औषधाने जंतू गेले, आग मात्र मुक्कामाला राहिली. बसलं की निखाऱ्यावर बसल्यासारखं होई, शिवण असलेला कपडा टोचे. एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दिसत तर काहीच नाही. दुसऱ्या म्हणाल्या, मूल होऊ द्या, आपोआप जाईल. तिसऱ्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, नवऱ्याशी पटतं ना? त्यानंतर तिने दुखणंच बदलून टाकलं. "कमरेला असं कोणी काही विचारत नाही," म्हणाली. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते असं सुरू झालं.

"आणि भाऊजी?" मी विचारलं.

ती साडीच्या घडीवरून हात फिरवत राहिली. "तो जवळ आला की माझं अंग आपोआप आवळतं. मग तो मागे सरकतो. रागावत नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, मला त्याला धरून ठेवता आलं असतं."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी मलाच सांगितलं. मी तिला त्याच आठवड्यात बायकांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी विचारलं, काय होतंय? आणि आमची ताठकणा इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणते कशी, "कंबर." बाईंनी कमरेचे फोटो मागितले. ही पिशवीतून काढायलाही लागली.

मी म्हटलं, "डॉक्टर, ते फोटो राहू द्या. हिच्या योनीच्या तोंडाशी आग होते. बसता येत नाही, नवऱ्याला जवळ घेता येत नाही. लाजते म्हणून कंबर सांगते."

ताठकणा माझ्याकडे असं बघत होती, की परत जाताना मला बसखाली ढकलेल. बाईंनी मात्र फोटो बाजूला सारले आणि मला बाहेर काढलं. माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नाही.

आत काय झालं ते तिने वाटेत सांगितलं. बाई प्रत्येक वेळी आधी सांगत होत्या, आता इथे हात लावते, नको असेल तर थांबा म्हणा. कापसाची काडी आधी मांडीवर टेकवली, मग जरा आत, मग त्या जागेभोवती एकेक ठिकाणी. एका ठिकाणी ही कळवळली. बाई लगेच थांबल्या. "इथेच ना?" त्यांनी विचारलं. ही रडायला लागली. दुखलं म्हणून नाही. "रेशमाला मी लावते ना, तसं लावलं गं त्यांनी," म्हणाली.

त्या दुखण्याला नाव आहे, ते मनाचे खेळ नाहीत, असं बाईंनी सांगितलं. जंतू गेल्यावरही तिथल्या नसा कुरकुरत राहिल्या होत्या आणि दुखेल या धास्तीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायम मुठीसारखे वळलेले होते. साबण बंद झाला, बधिर करणारं मलम आणि नसांसाठी थोडं औषध आलं. ती मूठ सोडायचा व्यायाम शिकवायला वेगळ्या बाई होत्या. पूर्ण जाईल असं वचन कोणी दिलं नाही. वेळ लागेल, एवढंच म्हणाल्या.

पुढच्या खेपेला भाऊजींना बोलावलं. सगळं ऐकून ते म्हणे टोपी हातात फिरवत बसले आणि एकच विचारलं, "म्हणजे मी नकोसा झालो होतो, असं नव्हतं?" बाई काही बोलायच्या आत हिनेच "नव्हतंच" म्हणून मान हलवली.

काही महिने गेले. कधी बरं, कधी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एक दिवस दुकानात स्टूल आलं. ती त्यावर बसायची, उठायची. मी म्हटलं, "अगं, अंडी उबवतेयस का?" तर म्हणाली, "रविवारी बरोबर येशील?"

रविवारी बस फाटकाशी थांबली. आम्ही चढलो. भाऊजींनी वळून पाहिलं, पिशवी उचलून आपल्या पायाशी ठेवली आणि गाडी नेहमीपेक्षा इतकी हळू चालवली, की मागचा रिक्षावाला नाही नाही ते बोलून गेला. ती बसली होती. खिडकीतून बघत होती. तो आरशात बघत होता. बाजार गेला, शाळा गेली. पुलाच्या अलीकडे तिच्या कपाळावर घाम दिसला.

"पुलापर्यंत आले ना," ती त्याला म्हणाली. "समुद्र राहिला."

"कुठे जातोय तो?" भाऊजी म्हणाले.

ती पुलावर उतरली आणि चालत माघारी निघाली. मी हटकून बसमध्येच राहिले, पुढचं कोण सांगणार? नुकताच चढलेला एक जाडा गृहस्थ रिकामी सीट बघून लगबगीने पुढे आला. भाऊजींनी न वळता हात मागे नेला आणि डब्याची पिशवी परत तिथे ठेवली.

"सीट मोडलीय," कंडक्टर म्हणाला.

हे सगळं लिहू का, म्हणून मी तिला विचारलं होतं. "लिही," म्हणाली. "फक्त कंबर लिहू नकोस."